दोनदा सरळ केलेला लेथ

मशीन 'रिस्टोअर' करून हवं आहे, असं म्हणत कोणी शेडमध्ये आलं की मी त्याला आधी बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "म्हणजे नक्की काय करू?" बहुतेकांचा चेहरा पडतो. आजार तुम्हीच सांगा आणि औषधही तुम्हीच सुचवा, असं डॉक्टरने म्हटल्यासारखं त्यांना वाटत असणार. पण माझाही इलाज नाही. या एका शब्दाने गेली काही वर्षं माझं डोकं खाल्लं आहे. पूर्वी लोक म्हणायचे, "पगारे, मशीन नीट करून द्या." नीट म्हणजे काय ते त्यांनाही कळायचं आणि मलाही. मग मोबाइलवर ते व्हिडिओ आले. गंजाचा गोळा झालेली वस्तू पंधरा मिनिटांत आरशासारखी चकाकते, मागे संगीत वाजत असतं, आणि बघणाऱ्याची खात्री पटते की जुन्या मशीनचं भलं करायचं म्हणजे ते घासायचं आणि रंगवायचं.

सातपूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर तिथेच मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड घेतली. काम एकच, स्क्रेपिंग. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेथवर लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, एका टोकाला चकच्या जबड्यात पकडून फिरवायचा आणि टूलने तासायचा. त्याचा बेड म्हणजे लोखंडाचे दोन लांब रूळ. त्यावरून टूल धरणारी गाडी, म्हणजे कॅरेज, मागेपुढे सरकते. बेड सरळ असेल तर जॉब सरळ. वर्षानुवर्षं सरकून बेड झिजतो, आणि सगळ्यात जास्त झिजतो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होतं. तो पुन्हा सरळ करायचा तर एका सपाट पट्टीला निळी शाई लावून ती बेडवर घासायची. जिथे शाई लागली तो उंचवटा. तेवढाच हाताने खरवडायचा. पुसायचं, पुन्हा शाई, पुन्हा खरवडायचं. असं आठ-आठ, दहा-दहा दिवस. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग इकडचा तिकडे होता कामा नये. कमरेचं आणि खांद्यांचं काय होतं ते माझ्या बायकोला विचारा.

आता गिऱ्हाइकांची मतं ऐका. विंचूरच्या बाजूला वाइन पार्कात एका साहेबांनी जुनं ऑइल इंजिन विकत घेतलं होतं, दारात शोभेला ठेवायला. मला म्हणाले, "काका, गंज आहे तसाच ठेवा, पण पाहुण्यांच्या कपड्यांना लागता कामा नये." म्हटलं, इंजिन चालू करून देतो, अजून जीव आहे त्यात. तर म्हणाले, "नको, धूर होतो. फक्त तो पुकपुक आवाज आला पाहिजे. आत स्पीकर बसवता येईल का?" मी हात जोडले. स्पीकर दुसऱ्या कोणीतरी बसवला असं ऐकतो. इंजिन दिवसभर पुकपुक करतं आणि त्याचं चाक तसूभर हलत नाही.

दुसरे एक पुण्याचे संग्राहक. त्यांच्या ड्रिल मशीनचा एक बोल्ट तुटलेला होता, मी नवा टाकला. गृहस्थ अक्षरशः लाल झाले. "तो मूळ बोल्ट होता!"

"अहो, तुटलेला होता."

"पण मूळ होता ना!"

मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून त्यांचा मूळ तुटका बोल्ट शोधून काढला आणि रुमालात बांधून दिला. त्यांनी तो छातीशी धरला.

अशा लोकांपुढे माझं मत मी छाती फुगवून सांगायचो. मशीन कशासाठी बनवलं? सरळ काम करण्यासाठी. मग सूक्ष्म फरक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा शून्यावर थांबला की मशीन रिस्टोअर झालं, बाकी सगळी रंगरंगोटी. यावर मी कोणाशीही तासभर भांडायला तयार असायचो आणि भांडलोही आहे. ते मत नांदगावच्या एका लेथने माझ्याच घशात घातलं. त्या लेथचे मालक शिवराम मिस्तरी आता नाहीत आणि त्यांच्या मुलाने, दीपकने, "लिहा काका" म्हणून परवानगी दिली आहे, म्हणून आज हे सांगतो आहे.

दीपक सातपूरलाच एका कारखान्यात क्वालिटीत होता, अजूनही आहे. जॉब मोजायचे आणि केसभर फरक असला तरी परत पाठवायचे, ही त्याची नोकरी. हाताखालचे ऑपरेटर त्याच्या नावाने बोटं मोडायचे. तो एका रविवारी शेडमध्ये आला. त्याच्या वडिलांचं नांदगावला वर्कशॉप, चाळीस वर्षं एकच सहा फुटी लेथ, पंजाबातल्या बटाल्याहून आणलेला. विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, बनवणं हे मुख्य काम. दीपक म्हणाला, "काका, अण्णांनी त्या मशीनवर आम्हाला काम शिकवलं. आता पंच्याहत्तरीला त्यांना ते नवंकोरं करून द्यायचं आहे. एकदम कंपनीतून आल्यासारखं."

लेथ टेंपोतून आला. मी बेड मोजला. दर दोन इंचांवर वहीत एक नोंद, ही माझी पद्धत. चकजवळच्या दीड फुटात बेड असा झिजला होता की टूल जॉबपासून लांब जायचं, चकपाशी पोचेपर्यंत तब्बल अठरा रेघा. एक रेघ म्हणजे तो मघाचा शंभरावा भाग. मी दीपकला म्हटलं, "यावर तुझे वडील शाफ्ट काढतात? मला खरं नाही वाटत." तो म्हणाला, "अण्णांचा शाफ्ट कधी परत आलेला नाही." मुलाचं प्रेम, असं मी मनात म्हटलं.

अकरा दिवस मी त्या बेडवर वाकून होतो. आयुष्यात याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नसेल. दीपकच्या हौसेखातर हिरवा रंगही दिला. रंग देण्याआधी चक फिरवणाऱ्या हेडस्टॉकवर चाळीस दसऱ्यांच्या हळदीकुंकवाचा आणि तेलाचा एक जाड थर होता, तो थिनरने काढला. शेवटी डायल लावला आणि दीपकला बोलावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅरेज सरकवली. काटा हलला नाही. दीपक पाया पडायला वाकला, मी त्याला अर्ध्यातच धरलं.

जानेवारीत लेथ नांदगावला गेला आणि तीन आठवड्यांनी दीपकचा फोन आला. "काका, अण्णा म्हणतात मशीन बिघडलं."

मला हसूच आलं. "रंग आवडला नसेल त्यांना."

"तीन शाफ्ट परत आलेत काका. चकच्या बाजूला बारीक होतात. बेअरिंग ढिलं बसतं. तिकडे उन्हाळ कांद्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, लोक दारात उभे आहेत."

मी रागारागाने निघालो. माझ्या शून्यावर कोणी शंका घ्यायची? दीपकच्या मोटारसायकलवर मागे टेस्ट बार, म्हणजे मापासाठीचा तंतोतंत सरळ दांडा, आणि डायलची पेटी मांडीवर घेऊन बसलो आणि मनमाडपर्यंत मनातल्या मनात भाषण तयार केलं.

शिवराम मिस्तरी म्हणजे किडकिडीत माणूस, डोक्यावर टोपी, चष्मा नेहमी खिशात. त्यांनी माझं स्वागत नीट केलं, चहा सांगितला, पण लेथकडे बघून म्हणाले, "पगारेभाऊ, लय देखणा केला तुम्ही. पर हा माझा नाय हे."

मी डायल लावला. कॅरेज सरकवली. काटा शून्य. पुन्हा सरकवली. शून्य. "बघा मिस्तरी. काटा हलत नाही."

"काटा नाय हालत," ते शांतपणे म्हणाले, "पर बेअरिंग हालतंय ना."

मला असं काही वैतागायला झालं की विचारू नका. म्हटलं, माझ्यासमोर एक शाफ्ट काढा. त्यांनी लगेच जॉब लावला. आम्ही दोघं, मी आणि दीपक, बाजूला उभे राहिलो. दारात एक शेतकरी बसला होता, त्याच्याशी मिस्तरींच्या गप्पा चालू. या वर्षी विहिरीला पाणी किती, पोरगी कुठे दिली, असं सगळं. कॅरेज आपोआप सरकत होती. उजवा हात टूल आत-बाहेर करायच्या हँडलवर नुसता टेकलेला. आणि कॅरेज चकपासून दीड फुटावर आली तशी मला दिसली ती गोष्ट. मिस्तरींचं तोंड शेतकऱ्याकडे, बोलणं चालू, आणि उजवा हात हँडल आत देत होता. हळूहळू, एका सरळ चालीत, कोणी चिमटीने साखर सोडावी तसा. शाफ्ट संपेपर्यंत देत राहिला आणि मग आपला जागेवर येऊन बसला.

मी त्यांच्याकडून आणखी दोन शाफ्ट काढून घेतले. नजर फक्त हँडलवरच्या आकड्यांवर ठेवली. दर वेळी तेवढंच. खिशातली वही काढली. बेडची झीज जिथे सुरू होत होती, तिथेच हात सुरू होत होता, आणि शेवटी सोळा-सतरा रेघांवर थांबत होता. बेड झिजत गेला तसतसा हा हात वर्षाला अर्ध्या रेघेने शिकत गेला होता, आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. दीपकनेही पाहिलं. तो माझ्या कानाशी लागला, "काका, आम्हाला शिकवताना हे कधी सांगितलं नाही त्यांनी." कसं सांगणार? त्यांना ठाऊकच नव्हतं. मी जन्मभर मशिनं मोजली, चालवणाऱ्याला मोजायचं कधी डोक्यात आलं नाही. मला त्या क्षणी मिस्तरींचे पाय धरावेसे वाटले.

पाय धरले असते तर बरं झालं असतं. मी नेमकं तोंड उघडलं.

चहा पिताना मोठ्या कौतुकाने म्हणालो, "मिस्तरी, मशीनला काही झालेलं नाही. शेवटच्या दीड फुटात तुमचा हात हँडल आत देतो."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हात हालतो म्हणता?"

"हालत नाही हो. आत देतो. तुम्हाला न कळता."

"न कळता," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला. "आमच्या बापाचा हात बी असाच कापायला लागून गेला होता. आधी त्याला बी कळलं नाय."

मी घाईघाईने वहीचं पान फाडून चित्र काढायला लागलो. हा जुना बेड, हा त्यातला खळगा, तुमचा हात हा खळगा भरून काढत होता, आता खळगाच नाही म्हणून शाफ्ट बारीक येतो. माझ्या मते याहून सोपं करून कोणी सांगितलं नसतं.

मिस्तरी चित्राकडे बघून म्हणाले, "बेड खोल होता तर शाफ्ट सरळ कसे यायचे?"

"तेच तर सांगतोय!"

"चाळीस वर्षं एक शाफ्ट परत नाय आला. खोल्या बेडवर? पगारेभाऊ, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता. कळतंय मला."

म्हटलं, करून बघू. हँडलवरून हात काढा, मशीनला एकटंच चालू द्या. शाफ्ट अगदी सरळ निघाला. मिस्तरी दोन्ही हात काखेत घालून तो बघत राहिले. "मंग मी कशाला पायजे?" मी म्हटलं, बरं, हात ठेवा, पण आत देऊ नका. आता त्यांनी हाताकडे लक्ष ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हात ताठ झाला. पुढच्या शाफ्टवर लाटा उठल्या. त्याच्या पुढच्या वेळी हात खरोखरच थरथरायला लागला. भीतीने. आणि ती भीती मी घातली होती, त्यांच्या घरचा चहा पिऊन.

मिस्तरींनी मशीन बंद केलं. दारातल्या शेतकऱ्याला म्हणाले, "तात्या, तू मालेगावाहून करून आण आता. माझा हात गेला." आणि मग मुलाकडे न बघता, "दीपक, एवढं मशीन नवं केलंय तर गिऱ्हाईक बघ. चांगला भाव येईल."

तो शेतकरी उठेचना.

मी दीपकला बाहेर घेऊन गेलो. तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, "हळूहळू सवय होईल ना काका नव्या बेडची?"

"चाळीस वर्षांत लागलेली सवय कांद्याला पाणी द्यायच्या आधी सुटेल का?"

"मग काय करायचं?"

"जसा होता तसा करायचा."

क्वालिटीतला माणूस तो. डोळे मोठे करून म्हणाला, "चांगला बेड वाकडा करणार? मुद्दाम? काका, हे चुकीचं आहे."

"चुकीचंच आहे," मी ओरडलो. "मला नको सांगूस! पण मशीन रिस्टोअर करून द्या म्हणून तू आला होतास ना? मग आज होऊ दे रिस्टोअर."

आत जाऊन मी पुन्हा डायल लावला, उगाच दोन-चार वेळा कॅरेज सरकवली, कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "मिस्तरी, चूक माझी आहे. चकजवळ बेड उंच राहिलाय. मघाशी डायलचा स्टँडच ढिला होता, म्हणून शून्य दाखवलं." सातपूरला मी वरिष्ठांशी भांडलो, मेमो घेतले, पण माझ्या मापात चूक आहे असं कधी कबूल केलं नाही, कारण ती नसायचीच. ते वाक्य बोलताना अंगावरचा शर्ट काढून मला भर बाजारात उभं केल्यासारखं झालं.

मिस्तरींनी उजवा हात पुढे केला. "म्हणजे हात बरोबर हे?"

"हात बरोबर आहे. मशीन चुकलंय. माझ्यामुळे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग डोळे पुसले, टोपीनेच.

आठ दिवस मी नांदगावला त्यांच्याच घरी राहिलो. सरळ करायला पट्टी असते, वाकडं करायला कुठलंही साधन नसतं. वहीतल्या नोंदी समोर ठेवून, दर दोन इंचांवर डायल लावून, मी माझंच उत्तम काम हाताने खरवडून काढत होतो. इतकं अवघड काम मी पूर्वी केलं नव्हतं. त्यात मिस्तरी बाजूला स्टूल टाकून बसलेले, मला धीर द्यायला. "घाई नका करू पगारेभाऊ. होतं असं. माणूस हे, चुकतो." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "नाशिकचे मोठे कारागीर हेत. जरा चुकलं त्यांचं, पर सोताहून आले परत." लोक माझ्याकडे दयेने बघायचे. मी दात आवळून खरवडत होतो. एकदा तर एका पोराने मला विचारलं, "काका, तुम्ही नवीन शिकताय का?" मिस्तरींनीच त्याला दटावलं.

नवव्या दिवशी रविवार होता, दीपक आला होता. मिस्तरींनी जॉब लावला. मी म्हटलं, सावकाश. पण ते तोवर तात्यांशी बोलायला लागले होते, कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल. हात हँडलवर टेकलेला. दीड फूट राहिलं आणि तो हलला. शाफ्ट निघाला, दीपकने मायक्रोमीटरने दोन्ही टोकं मोजली आणि नुसती मान हलवली. बेअरिंग घट्ट बसलं. तात्यांनी शाफ्ट गोणपाटात गुंडाळला आणि ते पळालेच, पाणी द्यायचं होतं त्यांना.

मिस्तरींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी लेथवर थाप मारली, मग माझ्या पाठीवर मारली, चांगली जोरात. म्हणाले, "आता झालं बघा सरळ. पयल्या खेपेला नाय जमलं, आता जमलं." मी म्हणालो, "हो."

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. दीपककडे वळून म्हणाले, "लाव रे तो तुझा काटा. मागच्या टायमाला खोटं दाखवत होता. आता खरं शून्य बघू दे."

दीपकने माझ्याकडे पाहिलं. मी तेलाची बुधली पुसायला घेतली. त्याने डायल लावला, स्टँड घट्ट आवळला आणि कॅरेज चकच्या दिशेने सरकवायला सुरुवात केली. डायलचं तोंड त्याच्याकडे होतं, मिस्तरींचा चष्मा खिशात होता. काटा निघाला. पाच, नऊ, चौदा, अठरा रेघांवर जाऊन थांबला. एका रेघेसाठी लोकांचे जॉब परत पाठवणारा तो मुलगा त्या काट्याकडे बघत उभा राहिला.

"काय म्हणतो?" मिस्तरींनी विचारलं.

"शून्य, अण्णा," दीपक म्हणाला. "अगदी शून्य."